ब्रिगिदामावशीचा उंट

ब्रिगिदामावशी एकटीपुरता चहा टाकते तेव्हासुद्धा किटली काठोकाठ भरते. कपाटात साबणाच्या बावीस वड्या. फोन ऐंशी टक्क्यांवर आला की चार्जर शोधत घरभर फिरते. तळघरात काकड्यांच्या, बीटच्या, मशरूमच्या बरण्या अशा ठासून भरल्यात की आत पाय ठेवायचा तर आधी चार बरण्या बाहेर काढाव्या लागतात. माझी आई तिला म्हणते, "ब्रिगिदा, युद्ध कधीच संपलं गं!" त्यावर मावशी म्हणते, "युद्धाचं काय घेऊन बसलीस? मी साखरेच्या रांगेत उभी राहिलेली आहे."

आणि ते खरंच आहे. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना दुकानात फळीवर व्हिनेगरच्या बाटल्या असायच्या, बाकी काही नाही. मांस कुपनावर, साखर कुपनावर, चपला कुपनावर. त्या वयात ज्यांनी रिकाम्या फळ्या बघितल्या, त्यांना कुठलीही रिकामी वस्तू बघवत नाही. आमच्या इथे त्या वयाचे सगळेच असे आहेत, त्यामुळे यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. वाटायला हवं होतं!

ती पोलंडमधल्या ग्दिनियात ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन धावणारी बस चालवते, एकतीस वर्षं झाली. सत्तावन्न वर्षांची, बुटकी, सीटवर उशी घेऊन बसते. आम्ही दोघी पारोवच्या. पारोव म्हणजे डोंगरामागच्या घळीतली वस्ती, चार बिल्डिंगा, थोडी घरं, एक शाळा. शहराकडून ट्रॉलीबसच्या तारा डोंगर चढून माथ्याच्या स्टॉपपर्यंत येतात आणि तिथे संपतात. पुढे रस्ता दीड किलोमीटर खाली उतरतो, आमच्याकडे. तारा खाली का आणत नाहीत? कारण दोन्ही बाजूंना जुने ओक आहेत, रस्ता अरुंद, आणि वनखातं खांबासाठी एक फांदी तोडू देत नाही. (बरोबरच आहे त्यांचं, ते ओक खरंच सुंदर आहेत.) म्हणून आम्हाला तासाला एक डिझेलची बस, आणि घळीत वारा नाही त्यामुळे तिचा धूर थंडीत तिथेच बसून राहतो. शाळेची मुलं डिसेंबरात खोकत असतात. ब्रिगिदामावशी आयुष्यभर ट्रॉलीबस चालवून माथ्यावर ड्युटी संपवायची आणि तिथून चालत घरी यायची, त्या बसमध्ये बसायची नाही. म्हणायची, "मी काय त्या धुरांड्यात बसू?"

तर गेल्या सप्टेंबरात डेपोत एक नवी ट्रॉलीबस आली, दहा दिवसांच्या चाचणीसाठी, उसनी. तिच्या छपरावर मोठी पेटी होती, वीज साठवायची. म्हणजे गाडी उतारावर ब्रेक लावते तेव्हा तिची मोटर उलटी वीज तयार करते, ती वीज पेटीत जाते, आणि मग चढाला तीच वीज वापरायची. तारा नसल्या तरी चालेल. झेनेक म्हणून एक ड्रायव्हर आहे, मावशीच्याच वयाचा, मिशाळ, जिभेला हाड नाही. त्याने पहिल्याच दिवशी छपरावरचा उंचवटा बघून बसचं बारसंच करून टाकलं: "आला बघा, उंट आला!"

अट अशी होती. दहा दिवस उंट शहरातून पारोवपर्यंत चालवायचा. जुन्या गाड्यांच्या मानाने वीस टक्के वीज वाचली तर नगरपालिका अशा तीन गाड्या घेणार आणि पारोवला ट्रॉलीबस मिळणार. नाही वाचली तर डिझेलच्या बसचा करार पुन्हा आठ वर्षांसाठी. आठ! आमच्या शेजारची पाच वर्षांची पोरगी तोवर तेरा वर्षांची होणार, तोच धूर खात.

चालवायला कोणी तयार नव्हतं. झेनेक म्हणाला, "खाली घळीत बंद पडला तर ओढायला काय घोडे आणायचे?" मावशी म्हणाली, "मी नेते. बंद पडला तर माझं घर तिथेच आहे, जाऊन जेवेन."

पेटी बनवणाऱ्यांकडून एक इंजिनियर आली होती, कोर्नेलिया. सत्तावीस वर्षांची, केस निळे, मांडीवर कायम टॅबलेट. ती मावशीच्या मागच्या सीटवर बसायची. तिने पहिल्या दिवशी सांगितलं, "ब्रिगिदाबाई, तुम्ही फक्त चालवा. कधी भरायचं, किती भरायचं ते गाडीचं गाडी बघते. हे पिवळं बटण मात्र दाबायचं नाही, ते अडीअडचणीला, तारेवरून पेटी पूर्ण भरून घ्यायला."

"बरं," मावशी म्हणाली. आणि मनापासून म्हणाली.

पण काय व्हायचं, गाडी माथ्यावर यायची तेव्हा समोरच्या काट्यावर पेटी अर्धी असायची. पंचेचाळीस, पन्नास. पुढे तारा नाहीत, खाली घळ, आणि पेटी अर्धी! मावशीला ते बघवायचं नाही. प्रवासी चढेपर्यंत दोन-तीन मिनिटं मिळायची, कोर्नेलिया खाली उतरून सिगरेट ओढायची. मावशीचा हात आपोआप पिवळ्या बटणावर. काटा शंभरवर आला की मग कुठे तिला श्वास यायचा. तिला हे लपवतोय असंही वाटत नव्हतं. घरातून निघताना आपण गॅस बंद आहे ना बघतो, तसं.

पहिल्या दिवशी आठ टक्के. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशीही नऊ. सहाव्या दिवशी सरासरी नऊच!

डेपोच्या कँटीनमध्ये झेनेकच्या थट्टेला ऊत आला होता. "काय ब्रिगिदा, उंट पाणी पितो का नुसतं?"

"तू आपलं सूप पी."

"अगं, माझी तीस वर्षं जुनी खटारा गाडी परवडली. तिच्यावर कुबड तरी नाही."

"तुझ्या पाठीवर आहे ना, तेवढं पुरे."

सगळे हसले, पण कोर्नेलिया हसली नाही. ती कोपऱ्यात बसून खसखशीचा पाव नुसता कुस्करत होती. डेपोचे साहेब हुबर्ट, ते येऊन तिला म्हणाले, पुढच्या सोमवारी गाडी परत न्यायची तयारी ठेवा, नऊ टक्क्यांसाठी मी नगरपालिकेत तोंड दाखवणार नाही. ती म्हणाली, "साहेब, यंत्रात दोष नाही, मी शपथेवर सांगते, कुठेतरी वीज जातेय, मला सापडत नाहीये." आणि तिचा आवाज असा फुटला की मावशीने हातातला चमचा खाली ठेवला.

त्याच दुपारी त्या दोघी परत पारोवकडे निघाल्या. बसमध्ये जेमतेम दहा माणसं. माथ्यावर पेटी शंभर (हात गेलाच होता बटणावर). आणि उतार सुरू झाला, मावशीने ब्रेकवर पाय ठेवला, आणि छपरावरून घोंघावल्यासारखा आवाज आला. तो रोजच यायचा. कोर्नेलियाला वाटायचं हीटरचा पंखा असेल. बाकीच्यांना काही वाटायचंच नाही. पण त्या दिवशी हीटर बंद होता. ऊन होतं, खिडक्या उघड्या होत्या, आणि मावशीला तो आवाज ओळखीचा वाटला.

हे जरा सांगायला हवं. शहराकडून माथ्यापर्यंत जो लांब चढ आहे, तिथे जुन्या ड्रायव्हरांची एक पद्धत आहे. कुठल्या पुस्तकात नाही, कोणी शिकवत नाही. वरून उतरणारी गाडी ब्रेक लावते तेव्हा ती वीज तारेत जाते, पण ती घ्यायला तारेवर जवळपास दुसरी गाडी हवी. कोणी नसेल तर ती वीज छपरावरच्या जाळीत तापून जळून जाते, आणि जाळी थंड करायला पंखा घोंघावतो. म्हणून उतरणारा ड्रायव्हर दोनदा दिवे मिचकावतो, "देतोय, घे!" खाली स्टॉपवर थांबलेला एकदा मिचकावतो, "दे!" आणि नेमक्या त्याच वेळी चढाला लागतो. एकाच्या उतारावर दुसऱ्याचा चढ. प्रवाशांना वाटतं एकमेकांना नमस्कार करतायत. झेनेक आणि मावशी एकमेकांशी कितीही भांडोत, या कामात वीस वर्षं त्यांची चूक झालेली नाही. पंखा घोंघावला की दोघांनाही लाज वाटते. तो आवाज म्हणजे, देतोय पण घेणारा कोणी नाही.

आणि इथे तोच आवाज! मावशी उतरताना पुटपुटली, "अरे, पण तुझा घेणारा तर तुझ्याच डोक्यावर बसलाय की. तो का घेत नाही?"

तिने काट्याकडे बघितलं. शंभर.

शंभर असताना तो घेणार कुठे?

ती मला नंतर सांगत होती, "पाठीवर कोणी बर्फाचं पाणी ओतावं तसं झालं बघ." तिने बस खाली पारोवच्या स्टॉपवर लावली, माणसं उतरू दिली, दारं बंद केली. मग आरशातून मागे न बघताच बोलली.

"कोर्नेलिया, तुझी वीज मी जाळली."

"काय?"

"रोज. माथ्यावर. तू सिगरेट ओढायला उतरलीस की मी पिवळं बटण दाबते. पेटी भरते. आणि भरलेल्या पेटीत उताराची वीज मावत नाही, ती छपरावर जळते. ऐकलास ना आवाज?"

कोर्नेलियाने टॅबलेट पुढे ओढला. त्यावर भराभर बोटं फिरवली. बटणाची नोंद आतमध्ये होतीच, तिने ती उघडूनच बघितली नव्हती, कारण सांगितलेलं असताना ते बटण कोण दाबेल! सहा दिवसांत एक्केचाळीस वेळा.

"पण का?" ती ओरडलीच. "मी सांगितलं होतं! पहिल्या दिवशी सांगितलं होतं! सहा दिवस मला झोप नाही, ब्रिगिदाबाई, मी घरी फोन करून रडतेय!"

"अर्धी पेटी घेऊन खाली उतरवेना मला."

"गाडी सांगतेय ना पुरेल म्हणून!"

"तुला नाही कळायचं, पोरी." मग स्वतःच मान हलवून, "नाही, तुझं बरोबर आहे. कळायला मला हवं होतं. तीस वर्षं दुसऱ्याला वीज देतेय, आणि जागा असल्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही एवढं मला कळू नये?"

साहेबांकडे दोघी एकदमच गेल्या. हुबर्ट साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "शेवटचे चार दिवस वेगळे मोजतो. पण आधीचे सहा का सोडले ते मला लिहावं लागेल. ड्रायव्हरने सूचना मोडली असं. ब्रिगिदाबाई, खाली तुमची सही लागेल. तुमचं प्रशिक्षकाचं पद जाईल हे तुम्हाला माहीत आहे."

इतकी वर्षं नव्या ड्रायव्हरांना तीच शिकवायची. छातीवर छोटा निळा बिल्ला होता, तो ती रविवारी चर्चला जातानाही लावायची, आई चिडवायची तिला त्यावरून. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. मावशीने बिल्ला काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पेन द्या."

कोर्नेलिया बाहेर आल्यावर तिच्या गळ्यात पडून रडली. मावशी म्हणाली, "आता रडू नकोस, सिगरेट सोड. माथ्यावर माझ्या शेजारी बस आणि माझा हात धर."

आणि खरंच धरायची! मंगळवारी माथ्यावर काटा पन्नासवर, कोर्नेलियाने तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवलेला, आणि चढणारे प्रवासी विचारतायत, कोणी गेलं का? खाली उतरताना छपरावर शांतता. काटा पन्नासवरून त्रेसष्टवर. मावशी एवढी चकित झाली की स्टॉप जवळजवळ चुकलाच. "वाढतोय! अगं, उतरताना वाढतोय!"

"मी हेच सांगतेय आठवडाभर," कोर्नेलिया म्हणाली.

मंगळवारी सतरा टक्के. मग मावशी स्वतःहून हुशार झाली. तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी उंट माणसांनी भरून खाली उतरतो, जड असतो, म्हणून जास्त वीज गोळा करतो, आणि रिकामा वर चढतो. तेव्हा माथ्यावर पस्तीससुद्धा चिकार झाले. कोर्नेलियाला सांगून ती माथ्याच्या आधी मुद्दाम तारेवरून कमी घ्यायला लागली, जागा ठेवायला लागली. बुधवारी वीस. गुरुवारी एकवीस. पण मंगळवारचे सतरा मानेवर बसलेले. चौथ्या दिवशी बावीस तरी यायलाच हवे होते, नाहीतर सरासरी एकोणीस पॉइंट काहीतरी, आणि हुबर्ट साहेब पॉइंट मोजणारा माणूस.

आणि शुक्रवारी सकाळी पाऊस. रस्त्यावर ओकची ओली पानं, निसरडं. शिवाय सकाळची फेरी सगळ्यात वाईट, कारण खाली उतरताना बस रिकामी, गोळा होणार थोडं, आणि वर चढताना अख्खं पारोव कामाला, शाळेला, कॉलेजला निघालेलं. मी पण होते. ड्रायव्हरच्या केबिनजवळ, काचेला नाक लावून.

माथ्यावर काय झालं ते कोर्नेलियाकडून कळलं. ती म्हणाली, "ब्रिगिदाबाई, आज पन्नास घेऊ या. पाऊस आहे."

"पन्नास घेतले तर आजचे किती होतील?"

"अठरा. साडेअठरा."

"आणि अडतीस घेतले तर?"

कोर्नेलियाने आकडा सांगितला नाही, म्हणाली, "बहुतेक पुरतील." या वेळी तिचाच हात बटणाकडे निघाला होता. मावशीने तो धरला.

पारोवला बस लागली तेव्हा काट्यावर सत्तेचाळीस. सत्तर माणसं आत, छत्र्या, दप्तरं, कोणाची तरी मासळीची पिशवी. दारं मिटेनात. मावशी माइकवर म्हणाली, "आत सरका, देवाच्या नावानं! आणि हीटर बंद करतेय, एकमेकांना चिकटून बसा, फुकट ऊब आहे."

बस निघाली. पहिलं वळण, एक्केचाळीस. शाळेपाशी तेहेतीस. तिथून चढ खरा उभा होतो आणि आकडे भराभर पडायला लागले, अठ्ठावीस, बावीस. चाक एकदा पानांवर घसरलं, बस जागच्या जागी थरथरली, मावशीने पाय उचलला, परत हळूच ठेवला. सोळा. तोवर पुढच्या सगळ्यांना कळलं होतं काय चाललंय, कारण पारोवात प्रत्येकाला त्या आठ वर्षांचं माहीत होतं. मागून एकजण ओरडला, "ब्रिगिदा, उतरून ढकलू का?"

"तू उतरलास तर पाच टक्के वाचतील, लुकाश, केवढा सुटलायस!"

हसण्याने बस हलली. अकरा. नऊ. पाऊस नुसता काचेवर. कोर्नेलियाने डोळे मिटून घेतलेले, ओठ हलतायत, मोजतेय का प्रार्थना करतेय कळेना. मावशी मात्र शांत. मी तिचा चेहरा आरशात बघत होते. ती आकड्याकडे बघतच नव्हती! रस्त्याकडे बघत होती, पाय इतका हलका, जणू पायाखाली अंडं आहे.

माथ्याचा स्टॉप दिसला. सहा. पाच. बस तारांखाली येऊन उभी राहिली, मावशीने कळ दाबली, छपरावरच्या दोन्ही दांड्या उठल्या, तारेला टक्कन लागल्या, आणि हीटर सुरू झाला. चार टक्के उरले होते.

अख्खी बस टाळ्या वाजवत होती. मासळीवाली बाई माझ्या गळ्यात पडली, मी तिला ओळखतही नाही. मावशी म्हणाली, "काय गोंधळ घालताय? उतरणाऱ्यांनी उतरा, मला उशीर होतोय."

लांब चढाच्या टोकाशी ती शहराकडे उतरायला लागली तेव्हा खालून झेनेकची जुनी गाडी वर येत होती. झेनेकने दिवे दोनदा मिचकावले. म्हणजे चुकीचं केलं, चढणाऱ्याने एकदाच मिचकावायचं असतं. पण त्याला काय म्हणायचं होतं ते मावशीला कळलं असणार, कारण ती पुढचे तीन स्टॉप नाक ओढत होती.

चार दिवसांची सरासरी वीस पॉइंट तीन.

नगरपालिकेने हिवाळाभर कागद हलवले, ते हलवणारच. मार्चमध्ये तीन गाड्या मंजूर झाल्या. बिल्ला परत मिळाला नाही. पण नव्या गाड्यांवर कोणाला कसं चालवायचं ते शिकवायला दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे बिल्ल्याशिवायच शिकवते. झेनेक पहिला विद्यार्थी. "हात मांडीवर ठेव," ती त्याला माथ्यावर सांगते. "अगं, पण अर्धीच आहे," तो म्हणतो, त्याच्या कपाळावर खरोखर घाम येतो. "असू दे. खाली जाऊन भरेल."

मे महिन्यात पारोवला पहिली रोजची फेरी सुरू झाली. सकाळी साडेसहाची. फुलं नाहीत, बँड नाही, नगरपालिकेचा माणूसही नाही, तो नऊ वाजता उठतो. मावशी स्टॉपवर आली आणि स्टॉपवर कोणीच नाही! ती घाबरली. इतकं सगळं केलं आणि कोणाला नकोच आहे की काय?

मग तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं लोक घरातच कॉफी पीत बसायचे, डिझेलची बस घरघरत वळणावर आली की कप ठेवून पळत सुटायचे. उंटाचा आवाजच नाही. सगळे आत बसून वाट बघतायत!

मावशीने हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. मग खिडकी उघडून ओरडली, "आले मी! झोपलात का सगळे?"

चारही बिल्डिंगांची दारं एकदम उघडली. लोक पळत आले, कोणाचा कोट एका बाहीत, कोणाच्या तोंडात पाव, शेजारची पाच वर्षांची, आता सहाची झालेली, एका पायात बूट. "टाइमटेबल लावलंय की खांबावर, बघत जा," मावशी रागावत होती आणि दार उघडं धरून थांबली होती. तीन मिनिटं उशीर. माथ्यावर पोचून डेपोला कळवलं, "पारोवहून साठ माणसं. उशिराचं कारण काय लिहू?"

तिकडून झेनेकच बोलत होता, त्याची फेरी अजून निघायची होती. म्हणाला, "लिही, गर्दी."